लिलावातली गाडी : बोलीआधीचा हिशेब

ऑक्टोबर २०२४च्या मध्यावर हवामान खात्याने चेन्नईला अतिवृष्टीचा इशारा दिला, तेव्हा वेलाचेरी भागातल्या लोकांनी आपापल्या गाड्या घराखालून काढल्या आणि उड्डाणपुलावर नेऊन रांगेने उभ्या केल्या. त्या पुलाचे फोटो देशभर फिरले. बाहेरच्यांना त्याची मौज वाटली, चेन्नईकरांना वाटली नाही. १ डिसेंबर २०१५ला सुरू झालेल्या पावसाने तांबरमला चोवीस तासांत ४९ सेंटिमीटर पाणी ओतले होते आणि डिसेंबर २०२३च्या पहिल्या आठवड्यात मिचाँग चक्रीवादळाने दक्षिण चेन्नईतले सखल भाग पुन्हा बुडवले होते. तळघरातली गाडी पाण्यात गेली की तिचे काय होते, हे या शहराने दोनदा पाहिले आहे.

काय होते? विम्याचा दावा दाखल होतो, दुरुस्तीचा अंदाज निघतो, आणि तो गाडीच्या विमाकृत मूल्याच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ ठरते. मालकाला पैसे मिळतात. गाडी मात्र नाहीशी होत नाही. ती एखाद्या यार्डात जाते, तिथे तिचे फोटो निघतात, तिला लॉट नंबर मिळतो आणि ती ऑनलाइन लिलावात विकली जाते. काही महिन्यांनी धुऊनपुसून, पॉलिश करून, नव्या सीट कव्हरांसह ती पुन्हा बाजारात येते. मग तिचा फोटो कोणाच्या मोबाइलवर दिसेल, ते सांगता येत नाही.

तो मोबाइल सिरुसेरीतल्या एखाद्या मराठी इंजिनिअरचा असण्याची शक्यता बरीच आहे. वेलाचेरीपासून दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर, जुन्या महाबलीपुरम रस्त्याच्या म्हणजे ओएमआरच्या कडेला, सिरुसेरीत सिपकॉट या राज्य औद्योगिक महामंडळाचे आयटी पार्क आहे. फुलपाखराच्या आकाराचे टीसीएसचे अवाढव्य संकुल इथेच. पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूरकडची मुलेमुली इथे बदलीवर येतात, नावलूर, पडूर, केळंबाक्कम या भागांत भाड्याने राहतात. कंपनीची बस ऑफिसपर्यंत नेते. पण शनिवारी घरचे सामान आणायचे, आईवडील आले की त्यांना कांचीपुरम किंवा महाबलीपुरम दाखवायचे, रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा, तर गाडी लागते. माधवरमहून सिपकॉटपर्यंत येणारी मेट्रो अजून व्हायची आहे. दोन-तीन वर्षांसाठी नवी गाडी घेणे परवडत नाही, कारण नोव्हेंबर २०२३पासून तमिळनाडूत नव्या मोटारीवर किमतीनुसार १२ ते २० टक्के आजीवन कर आहे आणि परत पुण्याला गेल्यावर महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. म्हणून जुनी गाडी. आणि जुनी गाडी शोधायला लागले की लिलावाच्या जाहिराती आपोआप समोर येतात: दुकानात साडेचार लाखांना असलेली हॅचबॅक, राखीव किंमत दोन लाख साठ हजार.

ही स्वस्ताई खोटी नसते. पण लिलावात किंमत खाली येते ती कोणाच्या उदारपणामुळे नव्हे. गाडीबद्दलचे जे काही घेणाऱ्याला दिसत नाही, त्याची जोखीम विकणारा त्या किमतीतून घेणाऱ्याच्या अंगावर टाकत असतो. ही जोखीम ज्याला रुपयांत मांडता येते त्याला लिलाव परवडतो. बाकीच्यांनी दुकानातून गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा लिलावाचे आणि चेन्नईचे नाते जुने आहे. श्रीराम समूह मूळचा इथला. १९७४मध्ये आर. त्यागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिशीच्या, म्हणजे चिट फंडाच्या धंद्यातून त्याची सुरुवात केली, आणि १९७९पासून श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्सने जुने ट्रक घेणाऱ्या ड्रायव्हरांना कर्जे दिली. बँका या लोकांना दारातही उभे करत नसत. जुन्या गाडीवर कर्ज द्यायचे म्हणजे काही कर्जे बुडणार, गाड्या परत ताब्यात येणार आणि त्या विकाव्या लागणार, हे ओघानेच आले. २०११मध्ये याच समूहाने श्रीराम ऑटोमॉल ही लिलावाची कंपनी काढली आणि २०१८मध्ये तिचा मोठा हिस्सा मुंबईच्या कारट्रेडने घेतला. मोकळ्या मैदानात उभे राहून बोली लावण्याचा प्रकार हळूहळू मोबाइलच्या पडद्यावर आला.

आज ऑनलाइन लिलावात येणाऱ्या गाड्या साधारण चार वाटांनी येतात. हप्ते थकले म्हणून बँकेने किंवा फायनान्स कंपनीने ओढून आणलेल्या, ज्यांना बाजारात ‘रिपो’ म्हणतात. विमा कंपनीने टोटल लॉस ठरवलेल्या. नवी गाडी घेताना लोकांनी बदल्यात दिलेल्या किंवा भाडेकरार संपलेल्या. आणि सरकारी खात्यांनी, पोलिसांनी विकायला काढलेल्या. तिसऱ्या वाटेच्या गाड्यांवर बहुतेक वेळा फक्त नोंदणीकृत डीलरच बोली लावू शकतात. गाडी विकण्याच्या ज्या अ‍ॅपांच्या जाहिराती आपण टीव्हीवर पाहतो, त्यांच्या पडद्यामागेही डीलरांचाच लिलाव चाललेला असतो. तेव्हा सामान्य माणसाच्या वाट्याला येतात त्या मुख्यतः रिपो गाड्या, आणि आडमार्गाने टोटल लॉसच्या.

सरकारी गाड्यांचा मोह अनेकांना होतो, म्हणून त्यांचे आधीच सांगतो. केंद्र सरकारची एमएसटीसी ही कंपनी अशा निर्लेखित गाड्यांचे ई-लिलाव करते. पण १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नाही. ती नोंदणीकृत भंगार केंद्रातच जावी लागतात. कलेक्टर कचेरीची पांढरी अँबेसिडर कितीही देखणी असली तरी ती तुम्हाला रस्त्यावर चालवायला मिळणार नाही. लॉटच्या तपशिलात हे लिहिलेले असते, ते वाचावे.

आता पाण्यातल्या गाडीकडे वळू, कारण चेन्नईत हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

टोटल लॉस म्हणजे गाडी चेंदामेंदा झालेली, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी. विमाकृत मूल्य दर वर्षी उतरते: चार ते पाच वर्षांच्या गाडीला नव्या किमतीतून ५० टक्के घसारा धरतात. म्हणजे आठ लाखांची गाडी पाचव्या वर्षी चार लाखांची होते, आणि कंपनीच्या वर्कशॉपने तीन लाखांच्या वरचा अंदाज दिला की ती टोटल लॉस. वर्कशॉपला सगळे भाग नवे, कंपनीच्या किमतीचे घालावे लागतात. पाण्यात भिजलेले वायरिंग, डॅशबोर्डमागचे कंट्रोल युनिट, सीट, गालिचे, एअरबॅगचे मोड्यूल अशी यादी केली की तीन लाख चुटकीसरशी होतात. हीच गाडी दीड लाखांत घेणारा व्यापारी वेगळा हिशेब करतो. एग्मोरजवळ पुदुपेट म्हणून जुन्या सुट्या भागांची बाजारपेठ आहे. तिथे दुसऱ्या गाडीतून काढलेले कंट्रोल युनिट, दरवाजा, अख्खे इंजिनही मिळते. जे काम वर्कशॉपमध्ये तीन लाखांचे, ते पुदुपेटच्या भागांनी आणि ओळखीच्या मेकॅनिकने फार कमी पैशांत होते. या दोन खर्चांमधल्या अंतरावर हा सगळा धंदा उभा आहे. यात बेकायदा काही नाही, आणि हुशार कारागीर अशी गाडी खरोखर चांगली करूही शकतो.

अडचण पुढे येते. अमेरिकेत टोटल लॉस झालेल्या गाडीच्या मालकी कागदावर तशी खूण उमटते आणि ती पुढच्या प्रत्येक मालकाला दिसते. आपल्या आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, अशी खूण नसते. गाडी कायमची निकामी झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५प्रमाणे तिची नोंदणी रद्द करायला हवी, पण दुरुस्त होऊ शकणाऱ्या गाडीची आरसी जिवंत राहते. तिसऱ्या मालकाच्या हाती येईपर्यंत ती पाण्यात होती हे सांगणारा कागद कोणाकडेच नसतो. वाईट प्रकार याहून पुढचे: भंगार गाडीची आरसी आणि चासी नंबर घेऊन तो चोरीच्या तशाच गाडीवर ठोकायचा. वेगवेगळ्या राज्यांच्या पोलिसांनी अशा टोळ्या पकडल्या आहेत. लिलावात आरसीसकट विकल्या जाणाऱ्या चेपलेल्या गाडीला कधी कधी अवास्तव बोली का लागते, त्याचे उत्तर यात असू शकते.

पाणी गाडीचे नुकसान दोन वेळा करते. पहिले लगेच. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना कोणी स्टार्टर मारला तर वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. रॉड किंचितच वाकला असेल तर गाडी सुरू होते, चालते, आणि काही हजार किलोमीटरनंतर इंजिन फोडते. दुसरे नुकसान संथ. वायरिंगच्या जोडांमध्ये अडकलेला ओलावा तांब्याला हिरवा गंज चढवतो. पहिले चार महिने सगळे ठीक असते, मग एक दिवस पॉवर विंडो बंद पडते, नंतर एबीएसचा दिवा लागतो, नंतर एअरबॅगचा. एअरबॅगचे नियंत्रक मोड्यूल बहुतेक गाड्यांत गिअर लिव्हरच्या आसपास, तळाशी बसवलेले असते. गाडीत गुडघाभर पाणी आले तरी ते बुडते. पाण्यातल्या गाडीबद्दल माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे. खर्चाचे सोडा, अपघाताच्या वेळी जो भाग जीव वाचवायचा तोच खात्रीचा राहिलेला नसतो.

ही गाडी ओळखता येते, पण फोटोवरून नाही. यार्डात जाऊन सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. रोज न ओढल्या जाणाऱ्या त्या शेवटच्या फुटभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते, कारण साफ करणाऱ्याचा हात तिथे पोचत नाही. स्टेपनी काढून तिच्या खळग्याच्या कोपऱ्यात बोट फिरवावे. सीट ज्या रुळांवर सरकते त्यांचे नटबोल्ट पाहावेत: खालचे गंजलेले आणि वरचा सगळा भाग नवाकोरा, असे असेल तर तिथेच थांबावे. गालिचाचा कोपरा उचलून खालच्या फोमला हात लावावा. हेडलाइटच्या आत पाण्याची रेषा दिसते का, डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवर पाना लागल्याच्या ताज्या खुणा आहेत का, हे पाहावे. आठ वर्षांच्या गाडीत सगळेच गालिचे नवे असतील तर ते का बदलले, असे विचारावे. पाच मिनिटांत ओबीडी स्कॅनर लावून सगळी कंट्रोल युनिटे एकमेकांशी बोलतात का तेही कळते. चेन्नईत याखेरीज एक वेगळी गोष्ट असते. समुद्राकाठच्या ईस्ट कोस्ट रोड (ईसीआर) आणि ओएमआर पट्ट्यातल्या गाडीला पूर न बघताही खालून गंज चढतो, कारण हवाच खारी. तेव्हा खालचा गंज दिसला म्हणजे गाडी बुडालीच होती असे नाही, आणि तो दिसला नाही म्हणून वाचली असेही नाही. आतला गंज महत्त्वाचा.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नोंदणी क्रमांक दिला की सर्व्हिसचा इतिहास बहुधा मिळतो. त्यात डिसेंबर २०१५ किंवा डिसेंबर २०२३नंतर एकदम मोठे बिल, किंवा अचानक खंड पडलेला दिसला तर अर्थ लावायला अवघड नाही. महाराष्ट्रातून आलेल्या गाडीसाठी हेच महिने वेगळे: सांगली-कोल्हापूरसाठी ऑगस्ट २०१९, चिपळूणसाठी जुलै २०२१. गाड्या राज्यांच्या सीमा सहज ओलांडतात, आणि पुराची गाडी विकणारा ती पूर न आलेल्या गावात विकणे पसंत करतो.

रिपो गाडीचा प्रश्न वेगळा आहे. तिचे यंत्र बहुधा ठीक असते, कागद अडचणीत असतात.

लिलावाच्या अटींत एक वाक्य ठरलेले असते: गाडी जशी आहे तशी, जिथे आहे तिथे. याचा कायदेशीर अर्थ असा की नंतर काहीही निघाले तरी विकणारा जबाबदार नाही. नोंदणी करताना पॅन, आधार आणि अनामत रक्कम द्यावी लागते. लॉटच्या पानावर दहा-वीस फोटो, गाडी सुरू होते की नाही, किल्ली आहे की नाही आणि आरसी आहे की नाही एवढे लिहिलेले असते. लिलावाला ठरलेली वेळ असते, पण शेवटच्या काही मिनिटांत कोणी बोली लावली तर वेळ आपोआप वाढते, म्हणून शेवटच्या क्षणी झडप घालण्याची युक्ती इथे चालत नाही. आणि सर्वांत मोठी बोली तुमची असली तरी गाडी तुमची झाली असे नाही. बऱ्याच लिलावांत विकणाऱ्या बँकेची मंजुरी लागते. बँकेला किंमत कमी वाटली तर ती नकार देते, तोवर तुमचे पैसे अडकलेले. उलट तुम्ही मुदतीत पैसे भरले नाहीत तर अनामत जप्त. गाडी उचलायला उशीर झाला तर यार्डाचे दिवसाचे भाडे. या खरेदीला कर्ज सहसा मिळत नाही, पूर्ण रक्कम काही दिवसांत भरावी लागते.

कागदांत पहिली पाहायची गोष्ट म्हणजे आरसी कोणाच्या नावावर आहे. ज्याच्याकडून गाडी ओढून आणली त्या कर्जदाराच्या नावावर असेल, आणि ती बहुधा असतेच, तर दोन रस्ते असतात. एक, कर्ज देतानाच बँकेने त्याच्याकडून सह्या करून घेतलेले हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०. दुसरा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१(५)प्रमाणे बँकेने आरटीओकडे जायचे, हप्ते थकल्यामुळे गाडी ताब्यात घेतली आणि मालक आरसी देत नाही हे दाखवायचे, आरटीओने मालकाला नोटीस देऊन म्हणणे मांडण्याची संधी द्यायची आणि मग बँकेच्या नावाने नवी आरसी काढायची. दुसरा रस्ता वेळखाऊ, पण पक्का. पहिला दिसायला सोपा, पण आता अनेक ठिकाणी हस्तांतराची संमती जुन्या मालकाच्या मोबाइलवर जाणाऱ्या ओटीपीने घेतली जाते. ज्याची गाडी ओढून नेली तो माणूस ओटीपी का सांगेल? म्हणून ‘आरसी नंतर मिळेल’ असे लिहिलेल्या लॉटवर पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याने बोली लावूच नये.

एक गैरसमज वकील नसलेल्या बहुतेकांचा असतो. लिलावात घेतलेल्या गाडीसाठी फॉर्म ३२ची वेगळी, सोपी वाट आहे असे ते ऐकून असतात. ती वाट सरकारने किंवा सरकारच्या वतीने केलेल्या जाहीर लिलावासाठी आहे. खासगी बँकेने किंवा फायनान्स कंपनीने स्वतः केलेला ऑनलाइन लिलाव त्यात बसत नाही.

कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र लागते. ई-चलनाची थकबाकी केंद्र सरकारच्या परिवहन पोर्टलवर दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन समन्वय सेवेतून गाडी चोरीची म्हणून नोंदलेली आहे का ते कळते. चासी नंबर आरसीवरून नव्हे, गाडीच्या पत्र्यावरून वाचावा आणि मग ताडून पाहावा.

गाडी एमएच क्रमांकाची असेल, म्हणजे पुण्याहून आलेली, तर तमिळनाडूत हस्तांतर करताना मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि इथला कर. उलट टीएन-१४ ही शोळिंगनल्लूर आरटीओची गाडी पुढे पुण्याला न्यायची तर बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवताना तिथे नव्याने नोंदणी करावी लागते, वयानुसार कमी झालेला कर भरावा लागतो आणि इथल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज करावा लागतो. दोन वर्षांनी परत जायचे नक्की असेल तर हा खर्च बोली लावण्याच्या दिवशीच वहीत लिहिला पाहिजे.

हस्तांतर लांबणीवर टाकणे धोक्याचे आहे. फेब्रुवारी २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गाडी चार हात फिरली असली तरी अपघाताची भरपाई आरटीओच्या दप्तरात ज्याचे नाव आहे त्याच्याकडूनच. तो निकाल जुन्या मालकांना घाबरवणारा आहे, पण घेणाऱ्यालाही त्यातून सुटका नाही: नाव बदललेले नसताना विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. यार्डातल्या गाडीचा विमा बहुधा संपलेला असतो. विम्याशिवाय ती रस्त्यावर आणू नये, टोइंग व्हॅनवर घालून आणावी.

या रिपो गाड्यांमागे एक माणूस असतो, हेही विसरू नये. नोकरी गेली, आजारपण आले, धंदा बुडाला म्हणून कोणाचे तरी हप्ते थकलेले असतात. २००७मध्ये आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वसुलीसाठी दांडगाई करणारी माणसे वापरण्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. लिलावात कर्जापेक्षा जास्त पैसे आले तर वरची रक्कम कर्जदाराची असते. कमी आले तर उरलेले देणे त्याच्याच डोक्यावर राहते. तुमच्यापैकी कोणाची गाडी अशी गेली असेल तर लिलाव कितीला झाला हे बँकेला लेखी विचारा. तो तुमचा हक्क आहे.

आता बोलीचे मानसशास्त्र. १९७१मध्ये अटलांटिक रिचफील्ड या अमेरिकन तेल कंपनीतल्या केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली. समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावात जिंकणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेपेक्षा फार कमी परतावा मिळत होता. कारण साधे होते. जमिनीखाली तेल किती आहे हे कोणालाच नक्की माहीत नसते, प्रत्येकजण अंदाज करतो, आणि ज्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकलेला, वरच्या दिशेने, तोच लिलाव जिंकतो. अर्थशास्त्रात याला विजेत्याचा शाप म्हणतात.

जुन्या गाडीला हे तंतोतंत लागू पडते. समजा एका गाडीची खरी किंमत तीन लाख नव्वद हजार आहे. पाच जणांचे अंदाज अनुक्रमे ३.२, ३.६, ३.९, ४.१ आणि ४.६ लाख. बोली चढत जाते, ४.१ लाखवाला थांबतो आणि शेवटचा माणूस त्याच्या जरा वर गाडी घेतो. ४.६ची गाडी ४.१ला मिळाली म्हणून तो खूश. प्रत्यक्षात त्याने वीस हजार जास्त दिले आहेत. शिवाय त्या पाचांपैकी तीन जण डीलर असतील, तर ते का थांबले हा प्रश्न त्याने स्वतःला विचारायला हवा होता. रोज अशा पन्नास गाड्या पाहणारा, स्वतःचे गॅरेज असलेला माणूस थांबतो तेव्हा त्याला काहीतरी दिसलेले असते.

म्हणून हिशेब उलटा करायचा, आणि लिलाव सुरू होण्याआधी. दुकानात तशीच गाडी हमीसह साडेचार लाखांना मिळते असे धरू. टायर, बॅटरी, सस्पेन्शन अशा दिसणाऱ्या कामांचे ४५ हजार वजा करा. न दिसणाऱ्या कामांसाठी ५० हजार. लिलाव कंपनीची फी आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून १३ हजार. टोइंग आणि यार्डाचे १० हजार, नावावर करण्याचे १० हजार. उरले तीन लाख बावीस हजार. ही तुमची शेवटची बोली. तीन लाख पंचवीस हजारांना गाडी जात असेल तर जाऊ द्यावी. आकडे तुमच्या गाडीप्रमाणे बदलतील, पद्धत बदलू नये. बोलीची किंमत जीएसटीसह आहे की त्याशिवाय, हेही आधी वाचावे: जुन्या गाड्यांच्या व्यापारातल्या नफ्याच्या फरकावरचा कर डिसेंबर २०२४च्या जैसलमेर येथील जीएसटी परिषदेनंतर सरसकट १८ टक्के झाला आहे.

हे सगळे इतके अवघड असायलाच हवे का? जपानकडे पाहिले तर नाही. १९८५मध्ये तिथे ऑकनेट नावाच्या कंपनीने डीलरांच्या दुकानात बसूनच मोटारींचा लिलाव सुरू केला. गाड्यांची चित्रे लेझर डिस्कवर पाठवली जात आणि बोली टेलिफोनच्या तारेवरून संगणकाने लागे. इंटरनेट सामान्यांच्या हाती यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. यश तंत्रामुळे आले असे आपल्याला वाटेल, पण खरा पाया वेगळाच होता. कंपनीचे तपासनीस प्रत्येक गाडी स्वतः पाहून तिला एक ते दहामध्ये गुण देत, ओरखडासुद्धा नोंदवत. १९९८च्या एका प्रसिद्ध अभ्यासात आढळले की या लिलावात गाड्या मैदानातल्या लिलावापेक्षा स्वस्त नव्हे, महाग विकल्या जात. खात्रीसाठी लोक जास्त पैसे द्यायला तयार होते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०च्या त्यांच्या निबंधात, ज्या कामासाठी त्यांना २००१चे नोबेल मिळाले, याची दुसरी बाजू मांडली होती: दोष फक्त विकणाऱ्यालाच माहीत असेल तर घेणारा प्रत्येक गाडी सदोष धरूनच भाव देतो, आणि मग चांगल्या गाडीचा मालक बाजारात यायलाच तयार होत नाही. आपल्याकडचे लिलाव अजून अकरलॉफच्या बाजाराच्या जवळ आहेत. तपासणी अहवाल देतात, पण त्याखाली त्याची जबाबदारी आमच्यावर नाही असेही छापतात.

एप्रिल २०२३पासून एक चांगला बदल झाला आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरला आता आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे लागते, आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची नोंद पोर्टलवर केली की पुढच्या विक्रीपर्यंत तोच तिचा मालक मानला जातो. हा नियम सगळीकडे काटेकोर पाळला गेला तर मधल्या काळात गाडी कोणाची, हा जुना घोळ संपेल. पण त्यापुढे जाऊन टोटल लॉसची नोंद वाहन पोर्टलवर कायमची दिसली पाहिजे. विमा कंपन्यांकडे ही माहिती आहे, सरकारकडे पोर्टल आहे, दोन्ही जोडायचे एवढेच काम आहे. पुराच्या शहरांत राहणाऱ्या ग्राहकांच्या संघटनांनी ही मागणी लावून धरावी, असे मला मनापासून वाटते.

तोवर सिरुसेरीत नव्याने आलेल्या आणि पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्या माणसाने टोटल लॉसच्या लॉटकडे वळू नये. पाच वर्षांच्या आतली रिपो गाडी, आरसी बँकेच्या हाती, किल्ली जागेवर, आणि ओळखीच्या मेकॅनिकसोबत यार्डात पाहिलेली असेल, तर ठरवलेल्या आकड्यापर्यंत जरूर बोली लावावी. यातली एकही गोष्ट कमी असेल, किंवा यार्डात जाण्याइतकी सुट्टीच मिळत नसेल, तर हमी देणाऱ्या अधिकृत डीलरला पन्नास-साठ हजार जास्त देऊन गाडी घ्यावी, आणि चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीला कळवावे.